कयाकवरून गरवायचंय? सामान या क्रमाने चढवा

मालवणजवळ कर्ली खाडीच्या काठावर, देवबागच्या बाजूला, शनिवारी पहाटे उभं राहिलं की एखादी नवीकोरी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, गाडीच्या टपावरून उतरताना दिसतेच. ती आणलेली असते गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला. मागे चार रॉड होल्डर, पुढे फिश फाइंडरचा, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा, बाजूला कॅमेऱ्याची दांडी. मालक कोल्हापूर, बेळगाव किंवा पणजीहून आलेला असतो. मी जवळ जाऊन एकच विचारतो, "नांगर कुठून सोडणार?" बहुतेकांकडे नांगर असतो, पण पिशवीत, विकत घेतला तसा गुंडाळलेला. तो कयाकला कुठे बांधायचा याचा विचार झालेला नसतो.

खाडीचं पाणी जागेवर थांबत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती, आणि कर्लीसारख्या खाडीच्या मुखाशी सुकतीचा ओढा, म्हणजे वाहत्या पाण्याची ओढ, असा असतो की हाताने वल्हवणारा माणूस त्याच्याशी फार वेळ झगडू शकत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू या ओढ्याच्या हिशेबाने घ्यावी असं मी सांगतो. आधी माणसाला काठावर परत आणणारं सामान, मग कयाक एका जागी धरून ठेवणारं, आणि त्यानंतर मासा पकडायचं. बाजारात जाहिरात नेमकी उलट्या क्रमाने होते, त्यामुळे नवा माणूस खर्चही उलट्या क्रमाने करतो.

आधी तीन फेऱ्या रिकाम्या मारा

तुमच्याकडे बसायची जागा वर असलेली, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारची, दहा ते बारा फूट लांब आणि ३० ते ३४ इंच रुंद प्लॅस्टिकची कयाक आहे असं धरतो. खाडीत गरवायला हाच प्रकार बरा. वर आलेलं पाणी तळाच्या आरपार भोकांतून, म्हणजे स्कपरमधून, निघून जातं आणि उलटली तरी ती पाण्याने भरत नाही.

पहिल्या तीन फेऱ्यांना तिला एकही भोक पाडू नका. लाइफ जॅकेट, वल्हं, पाणी, शिट्टी आणि एक रॉड, एवढंच न्या. सोबत कागदी चिकटपट्टीचा एक रोल ठेवा. वल्हवताना हात कुठे येतो, गुडघा कुठे टेकतो, रॉड सहज ठेवावासा वाटतो ती जागा कोणती, तिथे तिथे पट्टीचा तुकडा चिकटवा. तीन फेऱ्यांनंतर त्या पट्ट्याच तुमचा नकाशा. मी हे केलं नव्हतं. घरात, जमिनीवर बसून होल्डरची जागा ठरवली आणि ड्रिल चालवली. पाण्यात उतरल्यावर उजव्या हाताचं प्रत्येक वल्हं त्या होल्डरवर आपटू लागलं. ती चार भोकं मला पुढे बुजवावी लागली.

पहिली पायरी : अंगावरचं सामान

लाइफ जॅकेट घेताना ते कयाकच्या खुर्चीत बसून घालून पाहा. साध्या जॅकेटचा पाठीकडचा जाड फोम खुर्चीच्या पाठीला अडतो, जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकतं आणि माणूस वैतागून ते काढून मागे ठेवतो. मागे ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. कयाकसाठीच्या जॅकेटमध्ये पाठीचा फोम खांद्यांपाशी असतो आणि खाली नुसती जाळी, त्यामुळे ते दिवसभर अंगावर राहतं. पुढे दोन खिसे हवेत. एकात शिट्टी, दोरीने बांधलेली. दुसऱ्यात मोबाइल, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवीही जॅकेटलाच बांधलेली. मोबाइल कयाकवर बांधला आणि कयाक वाहून गेली, तर त्याचा उपयोग संपला. त्यात दोन नंबर आधीच साठवून ठेवा : तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

खांद्याशी एक बोथट टोकाची, दातेरी धारेची छोटी सुरी लावा. खाडीत जुन्या जाळ्यांचे तुकडे, खुंटांना बांधलेले दोर, इतरांच्या तुटलेल्या गऱ्या सगळीकडे असतात. रायगड, ठाण्याच्या खाड्यांत गरवणाऱ्यांनी तर डोलीचे, म्हणजे ओढ्यात ताणून लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट लांबूनच टाळावेत. ओढ्याने कयाक खुंटाला आडवी चिकटली की पाणी तिला तिथेच दाबून धरतं.

पायात बंद बूट हवेत. तिवरांच्या मुळांवर कालवांचे शिंपले असतात, ते ब्लेडसारखे कापतात. चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढे जातो.

दुसरी पायरी : पुन्हा वर चढता येतं का?

ही वस्तू विकत मिळत नाही, पण सगळ्या सामानाच्या आधी तिचा नंबर. छातीएवढ्या पाण्यात, सोबतीला कोणी असताना, मुद्दाम कयाक उलटी करा. ती सरळ करा, मधोमध बाजूला धरा, पाय मागे तरंगवून जोरात झाडा आणि पोटावर आडवे वर या. मग कूस वळवून बूड खुर्चीत टेका आणि शेवटी पाय आत घ्या. पाच वेळा करा. नंतर सामान चढवाल तेव्हा प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, की मी जिथून वर चढतो तिथे हे आडवं येतंय का? बाजूच्या कडेवर उभे राहिलेले होल्डर आणि हूक इथेच त्रास देतात. एक बाजू मोकळीच ठेवायची असा माझा नियम आहे. डावीकडून मी चढतो, म्हणून डावी कड कोरी.

वल्ह्याला पीळदार दोरी लावून ते कयाकला बांधा. वल्हं सुटलं तर खाडीत तुम्ही ओंडका झालात. पण मुखापाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे हीच दोरी गळ्यात किंवा पायात अडकू शकते. तिथून जायचंच असेल तर दोऱ्या सोडा आणि रॉड आडवे करून आत बांधा. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर तिथे जाऊच नका.

कयाकची पोकळी हा आणखी एक विसरलेला भाग. झाकणातून किंवा ढिल्या स्क्रूतून पाणी आत शिरतं. बाहेरून काही कळत नाही, फक्त कयाक डुलायला लागते. निघण्यापूर्वी मागचं बूच घट्ट आहे ना हे हाताने तपासा, आणि आत फोमच्या लांब नळ्या, पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या असतात तशा, भरून ठेवा. पाणी शिरलं तरी तेवढी जागा ते घेऊ शकत नाही. एक हातपंप आणि स्पंजही हवा.

तिसरी पायरी : नांगर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण चुकीचा टाकलेला नांगर खाडीत कयाक उलटवू शकतो.

पहिल्या वर्षी मी नांगराचा दोर खुर्चीशेजारच्या कडीला बांधून पाण्यात टाकत होतो. हाताशी होतं म्हणून. शेजारून होडी घेऊन चाललेले एक वयस्क गाबीत, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातले, काका थांबले आणि म्हणाले, "आडवो नांगर घालू नको रे, होडी उलटतली." तेव्हा सुकती नुकतीच सुरू होत होती. अर्ध्या तासात ओढा वाढला आणि कयाकची नांगराकडची कड पाण्याकडे झुकायला लागली. काकांचं म्हणणं तेव्हा समजलं. कयाक आडवी उभी राहिली की ओढ्याचा सगळा जोर तिच्या पूर्ण लांबीवर येतो, दोर एका बाजूला खाली ओढतो आणि ती कड पाण्याखाली जाते. त्यानंतर सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून नांगराचा दोर कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकावरूनच सुटला पाहिजे. पण तुम्ही मधे बसलेले, टोक पाच-सहा फुटांवर. त्यासाठी अँकर ट्रॉली लावतात. कयाकच्या एका बाजूला पुढे एक आणि मागे एक छोटी कप्पी, दोन्हींमधून फिरणारी बारीक दोरीची माळ, आणि माळेत एक कडी. नांगराचा दोर कडीतून ओवून पाण्यात सोडायचा आणि माळ ओढून कडी हव्या त्या टोकाला न्यायची. उठावं लागत नाही, वळावं लागत नाही. बाजारात संच मिळतो, पण दोन कप्प्या, एक स्टीलची कडी आणि कयाकच्या लांबीच्या दुपटीएवढी दोरी घेऊन घरीही होतो. माझ्या मते कयाकला पाडायची पहिली भोकं या कप्प्यांसाठीच असावीत.

नांगर म्हणून दीड किलोचा घडीचा चार पंज्यांचा नांगर पुरतो. त्याला मीटरभर साखळी जोडा, म्हणजे दोराची ओढ जमिनीलगत आडवी राहते आणि पंजे रुततात. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडा, ओढा असेल तर पाचपट ते सातपट. दोन वाव पाणी म्हणजे साधारण बारा फूट, तर ओढ्यात साठ ते पंच्याऐंशी फूट दोर हवा. आखूड दोराने नांगर उचलला जातो, आणि मग तो ओढत जाताना मधेच एखाद्या मुळाला अचानक अडकतो.

अडकणं तिवरांच्या खाडीत ठरलेलंच आहे, त्यामुळे दोर नांगराच्या वरच्या कडीला बांधू नका. साखळी नांगराच्या बुडाला, पंजे जिथे एकत्र येतात तिथे, अडकवा आणि दांड्यावरून वर आणून वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या एका झिप टायने बांधा. नेहमीच्या ओढीला टाय टिकतो. नांगर अडकला की उलट दिशेला जाऊन जोराचा हिसका द्या. टाय तुटतो, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर पंजे उलटे करून निघतो. झिप टायचं पाकीट पाच नांगरांच्या किमतीचं काम करतं.

दोराचं शेवटचं टोक कयाकला गाठ मारून बांधायचं नाही. ते अडकवणीत, म्हणजे दोर धरून ठेवणाऱ्या खाचेत, नुसतं आवळून ठेवायचं आणि टोकाला एक बोया, किंवा घट्ट बुचाची रिकामी बाटली. काही गडबड झाली, यांत्रिक होडी अंगावर आली किंवा मोठा मासा गळ घेऊन पळाला, तर दोर सोडून द्या. बोया तरंगत राहतो, परत येऊन घेता येतो.

आणि ओढा एवढा असेल की वल्हं थांबवताच कयाक चालण्याच्या वेगाने मागे जाते, तर नांगर टाकूच नका. कुठल्याच टोकाने नाही. काठाला या, पाणी थांबायची वाट पाहा. उथळ जागी नांगराऐवजी सात-आठ फुटांचा बांबू चिखलात रोवून कयाकचं टोक त्याला बांधलं तरी काम होतं. तो शांतपणे बसतो, साखळीचा आवाज नाही, मासे बिचकत नाहीत.

चौथी पायरी : भोकं आणि रॉड होल्डर

आता पट्ट्यांच्या नकाशावर या. दोन होल्डर पुष्कळ झाले. पाठीमागे कडेला बसवलेले नळीसारखे होल्डर फक्त रॉड वाहून न्यायला चांगले. गळ टाकून बसायचं असेल तर होल्डर समोर, नजरेसमोर हवा. मागे लावलेल्या रॉडला तांबोशीने ओढ दिली तर तुम्ही वळेपर्यंत ती मुळांत शिरलेली असते. पुढच्या बाजूला छोटी ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे गिअर ट्रॅक, बसवली तर होल्डर पुढेमागे सरकवता येतो. सुरुवातीला चुकलेली जागा पुन्हा भोक न पाडता सुधारता येते, म्हणून नव्या माणसाला मी ट्रॅकच सुचवतो.

भोक पाडण्याआधी झाकणातून हात आत घालून खाली काय आहे ते चाचपा. पाण्याच्या रेषेखाली भोक पाडू नका. शक्य असेल तिथे आतून वॉशर आणि नट लावा. हात पोचत नसेल तिथे रबरी वेल नट वापरा. स्क्रू आवळला की त्याचं रबर आत फुगून भोक बंद करतं. साधे पॉप रिव्हेट मऊ प्लॅस्टिकमधून ओढले जातात. रिव्हेटच वापरायचे तर आत तीन पाकळ्यांत उघडणारे घ्या. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टीलचे मागा. दुकानदार ३०४ दाखवेल, पण खाऱ्या पाण्यात त्यावर काही महिन्यांत तांबडे डाग येतात. प्रत्येक भोकाला सिलिकॉन लावा आणि दिवसभर सुकू द्या. सिलिकॉन प्लॅस्टिकला धड चिकटत नाही. तो फक्त फट भरतो, पकड नट-स्क्रूचीच असते.

पाचवी पायरी : हाताशी लागणारं

भाजीबाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा क्रेट खुर्चीमागे बसतो. बंजी दोरीने चारही कोपरे आवळा. क्रेटच्या मागच्या बाजूला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे झिप टायने बांधले की रॉड उभे ठेवायची सोय झाली, तीही कयाकला भोक न पाडता. आत गळांची पेटी, फ्लोरोकार्बनच्या दोऱ्याचं एक रीळ, प्रथमोपचार. पेटी क्रेटला बांधलेली हवी. उलटल्यावर न बांधलेली वस्तू तुमची राहत नाही.

खुर्चीत बसून हात पोचेल अशा जागी तीनच गोष्टी : लांब तोंडाची पक्कड, ओठाला धरायचा चिमटा आणि आखूड दांड्याचं हातजाळं. मांडीवर मासा येणार आहे, म्हणून या तिन्ही लागतात. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो, हातात रुतला तर वल्हवत परत येणं कठीण. जिताडा, ज्याला गोव्यात चणक म्हणतात, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. कल्ल्यात बोटं घालून त्याला उचलू नका. पाकट आली तर वर घेऊच नका, गळाचा दोरा कापा.

मोजपट्टीही ठेवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी मासा किती लांबीचा झाल्यावर पकडावा हे ठरवून दिलं आहे. जिताड्याबाबत मी स्वतः आणखी एक पाळतो. हा मासा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतला सर्वांत मोठा जिताडा ही अंडी घालणारी मादी असते. मधल्या आकाराचा घरी न्यावा, फार मोठा मोजून, फोटो काढून पाण्यात सोडावा. माशांसाठी थर्माकोलची छोटी पेटी आणि घरून आणलेल्या बर्फाच्या दोन बाटल्या पुरतात. बर्फ वितळला की तेच प्यायचं गार पाणी.

फिश फाइंडर

खाडीत एक-दोन वाव पाण्यात सुरुवातीला याची गरज नाही. मासा कुठे आहे ते तिवरांची मुळं, वळणावरचा खोल भाग आणि पाण्याचा भोवरा सांगतो. तरी घेणार असाल तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा त्याचा भाग, पोकळीच्या आत, तळाला लावता येतो. फोमची छोटी चौकट चिकटवून त्यात थोडं पाणी ठेवा आणि त्यात तो बुडवा. मधे हवा राहिली तर काही दिसत नाही. खोली अशी मिळते, पण बाजूचं चित्र आणि पाण्याचं तापमान नीट मिळत नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची साधी बॅटरी दोन किलोंहून जड असते. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल तर हिशेबाने १४ तास, पण ही बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून सातच धरा. लिथियमची तेवढीच बॅटरी साधारण निम्म्या वजनाची येते.

दिसणं आणि वजन

पर्यटकांच्या यांत्रिक होड्या कर्लीत सतत फिरतात. चालकाला कयाकवर बसलेला माणूस पाण्यातल्या ओंडक्याएवढाच दिसतो. खुर्चीमागे चार-पाच फूट उंच काठीवर भगवा किंवा पिवळाजर्द बावटा लावा. पहाटे किंवा संध्याकाळनंतर पाण्यात असाल तर पांढरा दिवा हवा. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, पंचविसाव्या नियमानुसार, वल्ह्याच्या होडीला वेळेवर दाखवता येईल असा पांढरा उजेड हाताशी ठेवावाच लागतो. काठीवर चारी बाजूंनी दिसणारा दिवा लावला की हात मोकळे राहतात.

वजनाचं गणित कागदावर मांडा. कयाकवर १५० किलो लिहिलं असेल तर मी १०५ च्या वर जात नाही. माणूस ७५ चा, उरले ३०. नांगर, साखळी, दोर तीन, पाणी तीन, क्रेट, रॉड, पेटी सहा, बॅटरी दोन, बर्फ आणि पेटी चार. अठरा झाले, आणि मासा अजून यायचा आहे. कॅमेऱ्याची दांडी आणि तिसरा रॉड घरी का ठेवायचे हे इथे दिसतं. जड सामान खाली आणि मधे, हलकं टोकांना.

निघायच्या दिवशी

पाण्याची वेळ काढायला मुंबईकडचा जुना आडाखा उपयोगी आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे मालवणला स्थानिक तक्ता पाहूनच पक्की वेळ ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढा सर्वांत जोराचा, अष्टमीच्या आसपास भांगाच्या पाण्यात सौम्य. नव्या माणसाने पहिल्या पाच-सहा फेऱ्या भांगालाच कराव्यात. भरतीबरोबर खाडीत आत जायचं आणि सुकती लागल्यावर तिच्याबरोबर परत यायचं, पण मुखाच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागायचं. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो, हेही लक्षात असू द्या. सुकती आणि मतलई एकत्र आले तर पाणी आणि वारा दोघंही तुम्हाला बाहेर नेतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तुमच्या वल्ह्याच्या कयाकला ती बंदी लागू नसली तरी समुद्रात उतरू नका. नारळी पौर्णिमा होऊ द्या. आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर लांबून वळसा घाला, किंवा उतरून दोराला हात लावा. खाडीत कुठे वाळू सरकली हे त्या माणसांना माहीत असतं, आणि ती माहिती कुठल्याही पडद्यावर मिळत नाही.

परत आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवा. रीळ आणि पक्कड आधी, मग कप्प्या, नांगराची साखळी, ट्रॅकच्या खाचा. बूच काढून कयाक तिरकी करा आणि आतून किती पाणी पडतं ते पाहा. पेलाभर पडलं तर चालेल. तांब्याभर पडलं तर पुढच्या फेरीआधी गळणारा स्क्रू शोधा.